फाटकावरची छत्री

फोन आला तेव्हा मी अंगणात कोकमाच्या साली वाळत घालत होते. हात लालभडक, म्हणून मोबाइल कोपरानेच दाबून स्पीकरवर टाकला. पलीकडे मार्थाताई होत्या, सातपुते पाळकांच्या पत्नी. "बाई, हे गेले हो," एवढंच म्हणाल्या. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. आठवतं ते इतकंच, की माझी मान आधी मागच्या खोलीच्या बंद दाराकडे वळली. आता दिनूला कोण नेणार? माणूस जातो आणि मनात पहिल्यांदा आपलीच काळजी येते... वाईट दिसतं ते, पण झालं तसंच.

दिनू माझा धाकटा भाऊ. मुंबईत चांगला कंपनीत लागलेला, एका मे महिन्यात गावी आला तो परत गेलाच नाही. कानात कोणीतरी सारखं बोलतंय म्हणायचा. वाडीतल्या लोकांनी, आमच्या भल्यासाठीच म्हणा, त्याला धरून दोरीने बांधला, टेम्पोत घातला आणि दवाखान्यात नेला. औषधाने आवाज कमी झाले, पण घरी आल्यावर त्याने जे दार लावून घेतलं ते लावलंच. कोणी आत पाऊल टाकलं की भिंतीला पाठ लावून थरथरायचा. आणि महिन्याचं इंजेक्शन चुकलं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मी शाळेत पोरांना धाकात ठेवणारी बाई, पण संध्याकाळी आत जायच्या आधी घराच्या पायरीवरच बसून राहायचे.

सातपुते मूळचे घाटावरचे. रत्नागिरीतल्या लहानशा चर्चचे पाळक. लोक 'फादर' म्हणाले की हसून म्हणायचे, "फादर नव्हे हो, घरी बायको आहे माझ्या." रविवारची उपासना आटोपली की स्कूटर काढून गावोगाव फिरायचे, आमच्या दिनूसारखी मागच्या खोल्यांत कोंडलेली माणसं शोधत. त्यांना दवाखान्यात न्यायचं, तिथल्या बाकावर त्यांच्या शेजारी तासन् तास बसायचं, आणि बरं होऊनही ज्यांना घरचे घेत नाहीत त्यांना चर्चमागच्या खोल्यांत ठेवून घ्यायचं, हे त्यांचं काम. आमच्या बौद्धवाडीत पहिल्यांदा आले तेव्हा माझी आई होती. तिने आढेवेढे न घेता विचारलं, धर्म बदलायला आलात काय? ते म्हणाले, नाही, नुसता भेटायला आलोय. "मग या की," आई म्हणाली, "आमी एकदा बदललाव, आता परत कोन बदलतंय!" सातपुते इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

पण आई या म्हणाली तरी ते आत आले नाहीत. भर उन्हाळा, आभाळात ढगाचं नाव नाही, आणि यांच्याकडे काळी, लाकडी मुठीची छत्री. ती त्यांनी फाटकाच्या आडव्या दांड्यावर टांगली, दिनूच्या खिडकीतून दिसेल अशी. थोडा वेळ गेल्यावर हाक मारली, "दिनकरराव, येताय का?" राव! आमच्या दिनूला असं कोणी म्हटलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. दार बंदच. ते फाटकालगतच्या गडग्यावर, दगडी कुंपणावर बसले, चहा तिथेच घेतला, आणि छत्री उचलून निघून गेले. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. असे किती रविवार गेले कोण जाणे. आई त्यांना गडग्यावरच भाकरी आणि मासळी द्यायची, घाटावरचा माणूस, काटे घशात अडकून खोकून हैराण व्हायचा. मी मात्र आतून नुसती जळायचे. इंजेक्शनची तारीख चालली आणि हे इथे काटे काढत बसलेत! शेवटी एकदा बोलले, सरळ आत जाऊन हाताला धरा ना त्याला. ते खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, त्याच्या हातात एवढी एकच गोष्ट उरलीय, येतो की नाही ते सांगायची. ती पण काढून घेऊ?"

पुढे एका रविवारी छत्री टांगल्यावर दार वाजलं. दिनू बाहेर आला, डोळ्यांवर हात धरून. आई पदरात तोंड घालून रडली. त्यानंतर दर महिन्याला छत्री दिसली की तो शर्ट बदलायचा, केस विंचरायचा आणि पाळकांमागे स्कूटरवर बसायचा. आई गेली त्या महिन्यातसुद्धा इंजेक्शन चुकलं नाही. पण माझ्याबरोबर तो कधी फाटकाबाहेर पडला नाही.

म्हणून त्यांच्या अंत्यविधीला उभी असताना प्रार्थनेचा एक शब्द माझ्या कानात शिरत नव्हता. चर्चमागच्या खोल्यांतली माणसं एका रांगेत उभी होती, कोणी रडत होतं, कोणी नुसतंच बघत होतं. यांचं कसं होणार, आमचं कसं होणार... निघताना मार्थाताईंनी छत्री माझ्या हातात दिली. म्हणाल्या, दिनकररावांकडे असू दे. मी ती घरी आणून कपाटामागे दडवली. दिनूला काही सांगितलं नाही. तारीख जवळ येत होती. शेजारचा सुदेश म्हणाला, बाई, काळजी कशाला करता, चार पोरं बोलावतो, टेम्पो आणतो. टेम्पो हा शब्द ऐकला आणि मला ती दोरी आठवली.

तारखेच्या सकाळी मी वेड्यासारखी छत्री काढली आणि फाटकावर टांगली. दुसरं काही सुचलंच नाही. थोड्या वेळाने दिनू बाहेर आला. धुतलेला शर्ट, विंचरलेले केस. त्याने छत्रीकडे बघितलं, रिकाम्या गडग्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला सांगावंच लागलं. त्याने छत्री काढून घेतली, आत गेला आणि दार लावून घेतलं. दिवसभर जेवण दाराशी तसंच. सुदेश दोनदा विचारून गेला आणि खरं सांगते, दुसऱ्यांदा मी हो म्हणता म्हणता राहिले. म्हटलं, उद्या बघू.

छत्री आता फाटकाशेजारच्या खुंटीला असते. पुढची तारीख जवळ आली आहे. भीती काही जात नाही, ती बहुतेक माझ्याबरोबरच जाईल. पण त्या दुसऱ्या दिवशीचं सांगायचं राहिलं.

सकाळी मी चुलीपाशी होते. हाक आली, "आक्का, येतेस काय?" दारात आले तर छत्री फाटकावर टांगलेली आणि दिनू फाटकाच्या बाहेर, रस्त्यावर उभा. कालचाच शर्ट, चुरगळलेला. माझे हात राखेने भरलेले, चप्पल सापडेना. त्याने परत हाक मारली नाही, आतही आला नाही. गडग्याला टेकून तो थांबून राहिला, मी येते म्हणेपर्यंत.