उलटा चारमिनार

निजामोद्दीन कल्हईवाल्याचे पुढचे दोन दात नांदेडच्या इतवाऱ्यात एका भोकाच्या पैशापायी पडले. पैशाचं भोक मधोमध नव्हतं, कडेला सरकलं होतं. ते टांकसाळीत सरकलं की कुणी घरी बसून पाडलं, एवढाच वाद. समोरचा म्हणाला, घरी. निजामोद्दीननं त्याच्या डोक्यात पातेलं घातलं, त्यानं शेराचं वजन फेकून मारलं. रक्त थुंकून निजामोद्दीन म्हणाला, "टांकसालीतच सरकलं." त्या दिवसापासून त्याचा 'स' शिट्टी वाजवत बाहेर यायला लागला.

बिलोलीच्या बाजारात त्यानं एकाच्या खांद्याजवळचं हासळीचं हाड मोडलं, कारण त्या गड्यानं शंभर वर्षांचं नाणं राखेनं घासून लख्ख केलं होतं. नाण्याला फडकंसुद्धा लावायचं नाही, हा निजामोद्दीनचा धर्म. टांकसाळीत चुकलं ते सोनं, बाहेर चुकलं ते भंगार, हे त्याचं दुसरं कलम. त्यासाठी तो मारही खायचा, पण दिलेला जास्त भरायचा.

स्टीलच्या भांड्यांनी नांदेडात त्याची भट्टी विझवली, तसा तो लातूरला आला. लातुरात गल्लोगल्ली क्लास, क्लासमागं मेस आणि मेसमध्ये शंभर पोरींचं वरण शिजवायला पितळी हंडे. त्याचं दुकान एका क्लासच्या भिंतीला चिकटलेलं. पलीकडं सर माईकवर गरजायचे, "हे सोडू नका, शंभर टक्के येणार." अलीकडं निजामोद्दीन भाता ओढत तस्संच शिट्टीदार गरजायचा, आणि हंड्याला ठोके घालायचा.

सिद्धम्मा त्याच गल्लीतल्या मेसची स्वयंपाकीण. औशाकडच्या खेड्यातली. भूकंपात नवरा गेला, दोन लेकरं गेली; जीभ तेवढी शाबूत राहिली. त्या गोष्टीला बारा वर्षं झाली होती. एका दुपारी तिनं कमरेची चंची सोडून त्याच्यापुढं एक नाणं टाकलं.

"निजामभाऊ, हे चकचकीत करून द्या. परवा नव्या घराची चौकट बसणार हाय. उंबऱ्याखाली घालायचंय."

निजामोद्दीननं भिंग डोळ्याला लावलं आणि त्याचा भाता थांबला. निजामाचा रुपया. एका अंगाला चारमिनार, असतो तसा. दुसऱ्या अंगाला अक्षरं पाहिजेत, तर तिथंही चारमिनार. पण उलटा, आत खोल गेलेला, ओल्या मातीत दाबल्यासारखा. आधीचं नाणं साच्यातच अडकलं आणि त्याच्याच पाठीवर पुढची चकती ठोकली गेली, तर असं होतं. त्यानं हे आजवर नुसतं ऐकलं होतं.

"अम्मा, कुठं गावलं हे?"

"जुन्या उंबऱ्याखाली. भूकंपामागनं बुलडोझरवाल्यानं चौकट उपटली, तवा म्या खाली घुसून उचललं. त्यो शिव्या द्यायला लागला, म्या त्याला धोंडा घातला."

"हे विकलं तर दोन दुभत्या म्हशी येतील."

"बेडा," ती म्हणाली. नको म्हणायचं असलं की तिला कन्नड सुचायचं. "म्हशी उंबऱ्याखाली मावत न्हाईत."

"पर हे ठेवूनबी घर पडलंच की."

बोलून गेल्यावर त्याला वाटलं, उरलेले दातही आज जाणार. पण तिनं हात उचलला नाही.

"घर पडलं. उंबरा न्हाई पडला. पाण्याला उठून म्या त्या वक्ताला चौकटीत उभी होते. पुढची भिंत पुढं गेली, माळवद मागं बसलं. मधी तेवढी म्या राहिले." तिनं कल्हईला आणलेला मेसचा हंडा पुढं सरकवला. "उद्या येते."

एवढ्यावर विषय मिटला होता. निजामोद्दीनला नाणं विकायचं नव्हतंच. पण असली चूक बघायची आणि भाव न विचारता निजायचं, हे त्याच्यानं झालं नाही. संध्याकाळी त्यानं बूथवरून नांदेडच्या बजरंग दलालाला फोन लावला. इतवाऱ्यातला रिवाज असा, की भाव विचारला त्यानं माल दाखवायचा, दाखवला त्यानं द्यायचा. हा रिवाज मोडला म्हणून निजामोद्दीननंच मागं दोघांना बदडलं होतं.

दुसऱ्या दिवशी सिद्धम्मा नाणं न्यायला आली, आणि तिच्या पाठोपाठ बजरंग. बरोबर शेषेराव नावाचा आडदांड माणूस. शेषेरावनं दाराचं फळकूट आतून लावलं.

"चाचा, तब्येत बरीय ना? दात बसवले का?" बजरंगच्या आवाजातून पाक गळत होता. "भाव तुम्ही विचारला का मी?"

"म्याच विचारला."

"मग रिवाज काय म्हणतो?"

"रिवाजाला सांग, माल अम्माचा हाय."

"मग अम्मालाच विचारू."

शेषेरावनं सिद्धम्माचा बुचडा धरला आणि तिचं तोंड भट्टीवर वाकवलं. केस करपल्याचा वास सुटला. तिनं त्याच्या मनगटाला असा चावा घेतला की तो गुरासारखा ओरडला, पण बुचडा सुटला नाही. भिंतीपलीकडं सर म्हणत होते, "लक्ष इकडे, लक्ष इकडे."

"बेडा," सिद्धम्मा निखाऱ्यांकडं बघत म्हणाली. "देऊ नका."

नाणं लाकडी ठोकळ्यावर होतं, उलटा चारमिनार वर. निजामोद्दीननं हातोडी उचलली. बजरंगला वाटलं आपल्या डोक्यात येतेय, म्हणून तो मागं सरला. पहिल्या ठोक्यात दोन मिनार गेले, दुसऱ्यात उरलेले दोन. तिसरा ठोका गरजेचा नव्हता, तो रागाचा होता.

"घे. आता काय भाव देतो?"

बजरंगनं भिंग लावून बघितलं. पुन्हा बघितलं. त्याच्या आवाजातला पाक आटला.

"भंगार," तो म्हणाला. त्यानं निजामोद्दीनचा उजवा हात त्याच ठोकळ्यावर दाबला आणि त्याच हातोडीनं मनगटावर दोनदा मारलं. हाड मोडल्याचा आवाज निजामोद्दीनच्या चांगल्या ओळखीचा होता, फक्त आजवर तो दुसऱ्यांच्या अंगातून यायचा.

तेवढ्यात शेषेराव बघण्यात गुंगला. सिद्धम्मानं बुचडा हिसकला, भट्टीतली लाल सांडशी ओढली आणि बजरंगच्या कानशिलावर ठेवून दिली. दोघं फळकूट तोडूनच बाहेर पडले. क्लास सुटला होता. रस्ताभर पोरी वह्या छातीशी धरून बघत राहिल्या.

चौकट ठरल्या दिवशीच बसली. निजामोद्दीन प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून आला. सिद्धम्मानं त्याच्यापुढं राखेची वाटी ठेवली.

"चकचकीत करायचं राहिलं की."

त्यानं वाटी पुढं ओढली. मग उकिडवा बसून डाव्या हातानं, आयुष्यात पहिल्यांदा, त्यानं नाणं घासलं. नीट जमत नव्हतं. तिनं नाणं धरलं, त्यानं घासलं. चांदी उजळली, आणि ठेचलेल्या बाजूवर हातोडीचे तीन गोल वळ स्पष्ट दिसायला लागले.

गवंडी चंद्रप्पा थापी घेऊन खोळंबला होता. "कोणती बाजू वर, अम्मा?"

"चाचाला विचार."

निजामोद्दीननं ठेचलेली बाजू वर करून नाणं ओल्या सिमेंटात दाबलं. "ही," तो म्हणाला, आणि शिट्टी वाजली, "टांकसालीत नाही झाली. घरी पाडली."