एका बाळासाठी फोडलेली बाटली

चिसेका गावच्या आरोग्य उपकेंद्रात अकरा वर्षं लस टोचणारा खुम्बो लुहांगा काही डॉक्टर नव्हता, पण गाव त्याला डॉक्टरच म्हणायचं.

गोवराच्या लसीची एक बाटली दहा बाळांना पुरते आणि एकदा फोडली की सहा तासांत वाया जाते. म्हणून एकट्या बाळासाठी ती फोडायची नाही, असा तिकडचा शिरस्ता. तीन वर्षांपूर्वी न्याझिंबा सोळा किलोमीटर चालत आपल्या तान्ह्या तेम्वाला घेऊन आली, तेव्हा दुसरं कुणीच आलं नव्हतं. "पुढच्या महिन्यात या हं," लुहांगा म्हणाला. ती बरं म्हणून परत गेली. महिना भरायच्या आत तेम्वा गोवराने गेली.

न्याझिंबाने एका शब्दाने बोल लावला नाही. बाजारात भेटली की अजून आदराने वाकते, त्याच्या मुलांची चौकशी करते. कडकडून भांडली असती तर परवडलं असतं. कुणाच्याही पाठीवर कापडात बांधलेलं बाळ दिसलं की लुहांगाला आधी तेम्वाच दिसते, खरं बाळ मग.

तेव्हापासून तो एका बाळासाठीही बाटली फोडतो. "नऊ डोस मातीत! सासऱ्याचा कारखाना आहे का?" लसीचा हिशेब ठेवणाऱ्या म्हांगो मॅडम तडकतात. तो मान खाली घालून ऐकतो आणि पुन्हा तेच करतो.

या मार्चात नदीपलीकडे गोवर आला. शेवटची बाटली लुहांगाने सकाळीच एका बाळासाठी फोडली होती. सहा तास उलटल्यावर उरलेली लस फेकून दिली आणि तासाभरात पलीकडच्या पाच बाया बाळं घेऊन धापा टाकत आल्या. होडी उशिरा सुटली होती.

"पुढच्या..." एवढं बोलून त्याने वाक्य तोडलं आणि सायकल बाहेर काढली.

"कुणी हलायचं नाही! मी मोठ्या केंद्रातून लस आणतो."

"या सायकलवर? तोवर बाळांना दाढ्या फुटतील, डॉक्टर," त्यांच्यातली न्यागोंद्वे म्हणाली. सगळ्या हसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो लसीचा डबा घेऊन परतला, तर शेजारच्या चर्चच्या पायरीवर रात्र काढलेल्या चौघीच होत्या.

"न्यागोंद्वे कुठाय?"

"गेली. नवरा ओरडेल म्हणाली. बाळाचं अंगही तापलंय दोन दिवस."

चौघींच्या बाळांना टोचून त्याने सायकल होडीत घातली. न्यागोंद्वेने त्याला पाहताच लगबगीने स्टूल पुसलं. "अगं बाई, आमच्यासाठी एवढ्या लांब आलात! टोचा की पटकन."

बाळाच्या कानामागे गोवराचं लाल पुरळ उठलं होतं; आता लसीचा उपयोग नव्हता. लुहांगाने डबा उघडलाच नाही. न्यागोंद्वे बाळाचा दंड पुढे धरून वाट बघत राहिली.