व्हिलनभाऊ ‘गेले’

आमच्या झाडीपट्टीत व्हिलनभाऊंइतक्या वेळा मेलेला माणूस दुसरा सापडायचा नाही, आणि त्यातलं एक मरण निव्वळ माझ्या चुकीनं झालं. बाकीची त्यांनी स्वतः कमावलेली होती. कुरखेड्याकडच्या आमच्या गावात धान निघालं की मंडईची जत्रा भरायची, मंडईत आमच्या मंडळाचं नाटक व्हायचं, आणि नाटक कुठलंही असो, शेवटच्या अंकात व्हिलनभाऊ मरायचे. साधे मरायचे नाहीत. गोळी छातीत लागली तरी आधी पाय धरून लंगडायचे, पेटीवाल्यापर्यंत जाऊन यायचे, पडून पुन्हा उठायचे, आणि लोकांनी ‘वन्समोर’ दिला की कपडे झटकून पहिल्यापासून मरायचे. त्यांच्या हसण्यानं लेकरं आयांच्या पदरात शिरत. पाठांतराशी मात्र त्यांचं जन्माचं वैर. मी मंडळाचा चिटणीस आणि प्रॉम्प्टर. पडद्याआडून मी वाक्य सांगायचो. पण सुपारी-तंबाखू-चुना घोटून केलेला खर्रा गालात भरला की त्यांचे कानही बंद होत असावेत. नायिकेचा हात धरलेला तसाच ठेवून ते माझ्याकडे वळून ओरडायचे, “मोठ्यानं बोल ना बे! ऐकू नाई येऊन राह्यलं!” नवख्या प्रेक्षकांना हे वाक्य नाटकातलंच वाटायचं.

तो खर्राच त्यांना भोवला. गालाच्या आत फोड आली, ती बरी होईना, आणि नागपूरच्या दवाखान्यात कॅन्सर निघाला. त्या काळी आमच्याकडे हा शब्द कोणी तोंडातून काढत नसे. ‘त्याले तो झाला’ एवढंच म्हणत आणि आवाज खाली आणत. ऑपरेशनला निघताना व्हिलनभाऊ माझ्या सायकलच्या दुकानासमोर थांबले. म्हणाले, “पाहाले येजो बे. तिथी प्रॉम्प्टर लागन मले.” मी हो म्हटलं. एकदा बसमध्ये बसलोही. नागभीडला गाडी चहाला थांबली, आणि जबडा काढलेला त्यांचा चेहरा कसा दिसत असेल ते माझ्या डोळ्यांपुढे आलं. मी उतरलो, तो गाडीत परत बसलोच नाही. समोरून आलेल्या बसनं घरी आलो आणि गावात सांगितलं, भेटू दिलं नाही.

पुढे शेजारच्या गावचा एकजण नागपूरहून आला. म्हणाला, “खाट खाली होती. बाजूचा म्हने, ते गेले.” व्हिलनभाऊ गेले होते ते खालच्या मजल्यावर, विजेचा शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यायला. पण ‘गेले’ या शब्दाला आमच्या भाषेत नको तितकी सवय लागलेली आहे. वहिनीही नागपुरातच, घराला कुलूप. कुरखेड्याहून ट्रंककॉल लावता आला असता. मी लावला नाही. खरं सांगायचं तर त्या बातमीनं मला आतून थोडं हलकंच वाटलं, कारण आता भेटायला जायचं उरलं नव्हतं. मंडईच्या नाटकाआधी मी माइक हातात घेतला, चार वाक्यं बोललो आणि सगळ्या गावाला दोन मिनिटं उभं केलं. तालमीच्या खोलीत त्यांचा हार घातलेला फोटो लागला.

महिन्याभरानं दुपारच्या बसमधून व्हिलनभाऊ उतरले. गळ्यात दुपट्टा, उजवा गाल बसलेला, तोंड एकीकडे ओढलेलं. माझ्या हातातला पाना पायावर पडला. ते बाकावर बसले आणि नव्या, हवा निसटणाऱ्या आवाजात म्हणाले, “मी मेलो तवा किती लोक रडले?”

“सगळे रडले, भाऊ.”

“वन्समोर आला का नाई?”

फोटो काढायला मी धावलो, तर त्यांनी काढू दिला नाही. “राहू दे. चांगला आला हाये. आता असा यायचा नाई.” आणि तेव्हापासून जिथे दिसेन तिथे, बाजारात, पाणवठ्यावर, एकदा तर माझ्या सासऱ्यांसमोर, ते हात पुढे करायचे, “माह्ये दोन मिनिटं कधी वापस देतं?” नागपूरला का आला नाहीस, हे मात्र त्यांनी एकदाही विचारलं नाही. तेच मला सोसवत नव्हतं.

त्याहून वाईट कळायचं होतं. धानाच्या रोवणीला मजुरीनं जाणाऱ्या कौसाबाईच्या छातीत गाठ होती. ती नागपूरला निघणारच होती, तेवढ्यात माझं मौन पाळलं गेलं. एवढा धिप्पाड माणूस गेला, मग मी कायले जाऊ, म्हणून ती घरी बसली. व्हिलनभाऊंनी हे ऐकलं आणि तसेच तिच्या अंगणात जाऊन बसले. मी मागे कुडाजवळ उभा.

“कौसे, उठ. मेलेला मानूस तुले न्यायले आला हाये.”

“तुमचं अर्धं तोंड गेलं, भाऊ.”

“अर्धं उरलं ना! तुह्या नवऱ्याचं पुरं हाये, त्याचा का उपेग हाये?”

नवरा तिथेच बिडी ओढत होता. कौसाबाई पदर तोंडाला लावून हसली, बऱ्याच दिवसांनी हसली असावी, आणि दुसऱ्या दिवशीच्या बसमध्ये बसली. व्हिलनभाऊ सोबत गेले. ती परत आली. उशीर झाला होता, पण फार नाही.

मग हा त्यांचा धंदाच झाला. कोणत्या खिडकीवर चिठ्ठी मिळते, नातेवाइकांनी कुठे झोपायचं, शेक घेतल्यावर काय गिळवतं, हे सगळं ते आणि कौसाबाई सांगत फिरत. भद्रावती, गडचांदूरकडून माणसं त्यांचा पत्ता विचारत येऊ लागली, बरी झालेली पुन्हा दुसऱ्याला घेऊन जाऊ लागली, आणि गावानं या सगळ्यांना नाव दिलं, ‘गेलेल्यांची मंडळी’. व्हिलनभाऊ चहा बशीत ओतून मान वाकडी करून प्यायचे आणि निम्मा दुपट्ट्याला पाजायचे. खर्रा दिसला की त्यांचा जुना खलनायक जागा व्हायचा. खर्र्यानं तोंड आखडत जातं, म्हणून “तोंड उघड!” म्हणत समोरच्याच्या तोंडात तीन बोटं उभी जातात का, ते बघायचे. एका लग्नात अक्षतांच्या आधी नवरदेवाचंच तोंड उघडवलं. “बैलाचे दात पाह्यता का?” वरबाप भडकले. “बैल खर्रा खात नाई,” व्हिलनभाऊ म्हणाले, “म्हणून त्याचे पाह्यत नाई.” नवरदेवाच्या तोंडात दोनच बोटं गेली. पुढल्या आठवड्यात वरबाप स्वतः त्याला घेऊन व्हिलनभाऊंच्या दारात आले.

मी त्या मंडळींच्या सायकली फुकट दुरुस्त करून द्यायचो, चाकं उगाच पुन्हा पुन्हा पुसायचो. नागभीडचं मात्र कोणाला सांगितलं नाही.

शेवटी मंडळानं मंडईत या ‘गेलेल्यांच्या मंडळी’चा सत्कार ठरवला. तोच मंच, तोच माइक, आणि चिटणीस मीच. पुढच्या रांगेत व्हिलनभाऊ, शेजारी कौसाबाई नव्या लुगड्यात, आणि बाकीची मंडळी शाल-नारळ मांडीवर घेऊन. मी म्हणालो, “मागं मी तुम्हाला दोन मिनिटं गप्प उभं केलं होतं. ते मौन आज वापस घेतो. दोन मिनिटं जमेल तेवढा कल्ला करा.” ढोलकी, पेटी, शिट्ट्या, लेकरांच्या आरोळ्या, कोणीतरी थाळी वाजवली. व्हिलनभाऊ त्यांचं जुनं हसू हसायला गेले. निम्मीच हवा बाहेर आली, तरी पुढचं एक लेकरू दचकून आईला बिलगलं, आणि ते केवढे खूष झाले.

कल्ला ओसरला. सगळे आता नाटकाच्या घंटेची वाट पाहत होते. मी माइकशी वाकून हळूच काहीतरी पुटपुटलो.

पुढच्या रांगेतून आवाज आला, “मोठ्यानं बोल ना बे! ऐकू नाई येऊन राह्यलं!”

मी मोठ्यानं बोललो, “भाऊ, मला कोणी अडवलं नव्हतं. मी भ्यालो आणि नागभीडहून परत फिरलो. मला माफ करा.”