खांद्यावरचा हात

दुष्काळ सरला त्या वर्षी माझ्या थोरल्या भावाला अमरावतीच्या एका कॉलेजनं बास्केटबॉलच्या टीमसाठी बोलावून घेतलं. सोबत वाशीमच्या एका कापड व्यापाऱ्याचा मुलगाही निवडला गेला. दोघं जिवलग दोस्त. पण वाशीमच्या साप्ताहिकाला त्यातला एकच दिसायचा. सामना भावानं जिंकून दिला तरी बातमी व्यापाऱ्याच्या मुलाची. आम्ही पडलो अनसिंगचे, त्यात बौद्ध वस्तीतले. संपादकाच्या चष्म्यातून एवढं लांबचं दिसत नसावं.

बाबांना वाचता येत नव्हतं. तरी दर आठवड्याला न्हाव्याच्या दुकानातून पेपर मागून आणायचे आणि माझ्याकडून वाचून घ्यायचे. पोराचं नाव एकदा छापून यावं, एवढीच त्यांची हौस. मी नाही म्हणून मान हलवली की घडी घालून पेपर परत द्यायला जायचे.

एकदा फोटो आला. दोघांनी मिळून काढलेला, पण छापताना भावाला कापलेलं. उरला होता फक्त व्यापाऱ्याच्या मुलाच्या खांद्यावरचा एक हात. मी पेपर चुरगाळणार, तोच बाबांनी तो ओढून घेतला. कडबा कापताना वाकडी झालेली करंगळी त्यांनी बरोबर ओळखली.

"हा त आपल्या पोराचा हात हाये!"

केवढा आनंद झाला त्यांना! त्या आनंदाचा मला इतका राग आला की रडूच फुटलं. न्हाव्याकडून ते पान मागून घेऊन, त्याला काच बसवून त्यांनी ते भिंतीवर टांगलं.

भाऊ सुट्टीत आला, तो बघतच राहिला.

"बाबा, दुसऱ्याचं पोरगं कायले टांगलं घरात?"

"दुसऱ्याचं कसं? तुहा हात हाये ना त्याच्यात."

भाऊ हसला. जेवायला मात्र तो त्या भिंतीकडे पाठ करून बसला.

पुढच्या पावसाळ्यात होस्टेलवर त्याला विषमज्वर झाला आणि त्यातच तो गेला. साप्ताहिकात दोन ओळीसुद्धा आल्या नाहीत. घरात त्याचा दुसरा फोटो नव्हता. मी तोच उतरवून पाटावर ठेवला आणि हार घालायला गेले, तर बाबांनी माझा हात धरला.

"नोको घालू, माय. ते पोरगं जितं हाये. जित्या माणसाच्या फोटोले हार नाई घालत."

मग त्यांनी हारातलं एक फूल तोडलं आणि काचेवर, त्या वाकड्या करंगळीपाशी ठेवलं.

"आपला त एवढाच हाये," म्हणाले.