मध्ये बोलायचं नाही

नोकरीत समाधान आहे का, असं कोणी विचारलं की माझं डोकं फिरतं. पक्षाघाताच्या झटक्यानंतर ज्यांचं बोलणं गेलंय, त्यांना मी पुन्हा बोलायला शिकवते. इंदूरच्या आमच्या क्लिनिकमध्ये एका पेशंटला वीस मिनिटं मिळतात, आणि तेवढ्यात सगळ्यांना चमत्कार हवा असतो.

सगळ्यात जास्त राग यायचा तो घरच्यांचा. सुदामा नगरहून एक काका यायचे. उभं आयुष्य पोलोग्राउंडच्या कारखान्यात लेथवर गेलेलं. आता त्यांना समजायचं सगळं, पण शब्द ओठांशी येऊन अडकायचा. तो सुटायच्या आत काकू बोलून मोकळ्या! पाणी, चष्मा, पंखा, सगळं न मागता हजर. मग त्या माणसानं बोलावं तरी कशाला?

"काकू, मध्ये बोलायचं नाही. मनात दहा आकडे मोजा," मी दर वेळी बजावायचे.

"मॅडमजी, यांना इतकी तकलीफ होते, माझ्याच्यानं देखवत नाही हो."

तीन महिने हेच. मी पार वैतागले आणि काकूंना खोलीबाहेर बसवायला लागले.

एका मंगळवारी वेळ संपली तरी काका उठेनात. खुर्चीचा हात घट्ट धरून काहीतरी सांगू लागले. कपाळावर घाम, आवाज फुटेना. दाराशी पुढचा पेशंट उभा होता, टेबलावरचा फोन वाजत होता. "पाणी हवंय ना?" म्हणत मी ग्लास त्यांच्या हातात दिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्यानं पाणी प्यायले.

बाहेर काकू वाटच बघत होत्या. "बोलले का? सकाळपासून आरशासमोर प्रॅक्टिस चालली होती. तुमच्या क्लिनिकच्या फाईलवर बोट ठेवलं, तेव्हा मी समजले, मॅडमलाच काही सांगायचंय."

माझा चेहरा उतरला. "काय सांगायचं होतं त्यांना?"

"ते मला काय मालूम? मी विचारलंच नाही. तुम्हीच म्हटलं होतं ना, मध्ये बोलायचं नाही. मी तर आज दहा काय, शंभर मोजले."

काका जिन्यापाशी पोचले होते. मी हाक मारली. त्यांनी वळून पाहिलं, राहू दे म्हणाल्यासारखा हात हलवला, आणि कठडा धरून खाली उतरू लागले.