कायम होईपर्यंत

आमच्या भावजींइतक्या पद्धतशीरपणे घाबरणारा माणूस अटलांटिकच्या अलीकडे किंवा पलीकडे दुसरा झाला नसेल. बाकीचे लोक अंगावर काही आलं की घाबरतात, ते गेलं की विसरतात. भावजी सोमवार ते शुक्रवार नेमाने घाबरत, आणि आठवड्यात राहून गेलेली भीती शनिवार-रविवारी पुरी करत. "वहिनी, आज विभागप्रमुख माझ्याकडे बघून हसले नाहीत," असं ते एके दिवशी येऊन सांगत. दुसऱ्या दिवशी आवाज आणखी खाली जाई. "आज फारच हसले. काहीतरी ठरलंय त्यांचं."

ते माझ्या नवऱ्याचे मावसभाऊ. ऐंशीच्या दशकात शिकागोपासून दीड तासावरच्या एका सरकारी कॉलेजात ते समाजशास्त्र शिकवत, आणि त्याच कॉलेजच्या लायब्ररीच्या तळघरात बसून मी नव्या पुस्तकांची कार्डं टाइप करत असे. त्यांची नोकरी 'टेन्युअर ट्रॅक'वरची होती. म्हणजे सहा वर्षं शिकवायचं, संशोधन करायचं, बोलावतील त्या बैठकीला जायचं, आणि सहाव्या वर्षी सहकाऱ्यांच्या समितीने ठरवायचं की हा माणूस आपल्याला जन्मभर चालेल की नाही. चालणार असेल तर त्याला कुणी हलवू शकत नाही. नसेल तर वर्षभरात गाशा गुंडाळायचा. भावजींचा व्हिसा त्या नोकरीवरच असल्यामुळे त्यांचा गाशा थेट साताऱ्याला जाऊन पोचणार होता. आणि साताऱ्यात तर भलताच घोळ होऊन बसला होता. नोकरी लागल्यावर आईला पत्र लिहिताना 'टेन्युअर ट्रॅक'ला मराठी शब्द सुचेना, म्हणून त्यांनी 'कायम होण्याच्या मार्गावरची नोकरी' असं लिहिलं. आईंनी त्यातलं 'कायम' तेवढं वाचलं आणि आळीभर पेढे वाटले. पुढच्या पत्रात दुरुस्ती करायचा धीर भावजींना झाला नाही, त्याच्या पुढच्या पत्रात तर नाहीच. "साताऱ्यात सगळ्यांना माहीत आहे वहिनी, मी कायम झालोय म्हणून," ते म्हणत. "फक्त कॉलेजला माहीत नाही."

या एका शब्दापायी त्यांचं सगळं आयुष्य थांबून राहिलं होतं. गादी जमिनीवर, कारण पलंग कायम झाल्यावर. पुस्तकं खोक्यांत, आणि तीच खोकी टेबल म्हणून. खिडक्यांना पडदे नाहीत, भिंतीला खिळा नाही. "अरे प्रोफेसर, निदान एक कॅलेंडर तरी टांग," माझा नवरा म्हणायचा, "तारीख तरी कळेल." "तारखेचीच तर भीती आहे," भावजी म्हणत. महिन्यातून एकदा आम्ही गाडीने शिकागोतल्या देशी दुकानांच्या रस्त्यावर, डेव्हन ॲव्हेन्यूला, सामान आणायला जात असू. आमची तांदळाची वीस पौंडांची पिशवी डिकीत चढली की भावजी आपली दोन पौंडांची पुडी मांडीवर घेऊन मागे बसत. एकदा मी विचारलं, तर अगदी शांतपणे म्हणाले, "वीस पौंड संपेपर्यंत मी या देशात असेन कशावरून?" आईंनी मुलींचे फोटो पाठवले होते. ते पाकीट त्यांनी तीन वर्षं झाली तरी फोडलं नव्हतं. "बघितले आणि एखादी आवडली, तर?" हा त्यांचा प्रश्न होता.

अशा माणसाने संशोधनाला विषय निवडला तो लाँड्रोमॅटचा. नाणी टाकून कपडे धुवायची ती गावोगावची दुकानं. तिथे माणसं आपले कपडे मशीनमध्ये सोडून बाहेर जातात, जाताना शेजारच्या अनोळखी माणसाला सांगतात, जरा लक्ष ठेवा हं, मी आलोच. कोण कुणावर विश्वास टाकतो, कोण न सांगताच लक्ष ठेवतो, हे भावजी कोपऱ्यात बसून वहीत टिपत. नुसतं बसलं तर मालक हाकलेल या भीतीने ते दर खेपेला घरचे धुतलेले कपडे पुन्हा धुवायला नेत. आठवड्यातून चार दिवस. पाच वर्षांत त्यांचे सगळे शर्ट एकाच रंगाचे झाले, आणि तो रंग कोणता हे शेवटपर्यंत आम्हाला ठरवता आलं नाही. कॉलेजातले इतिहासाचे एक वयस्कर प्राध्यापक, जे पुढे त्यांच्या समितीवर आले, जाहीरपणे म्हणत की धुणं बघत बसणं याला त्यांच्या काळी संशोधन म्हणत नसत. हे वाक्य भावजींनी मला इतक्या वेळा ऐकवलं, की त्या प्राध्यापकांना कधी न भेटताही त्यांचा आवाज मला ओळखता आला असता.

आणखी एक गोष्ट म्हणजे भावजी कधी 'जातो' म्हणत नसत. आपल्यात कुणीच म्हणत नाही, निघताना 'येतो'च म्हणायचं असतं. पण आपण ते मराठीपुरतं ठेवतो. भावजींना तीही जोखीम नको होती. वर्ग संपला की मुलांना, पाच वाजले की सेक्रेटरीबाईंना, फोन ठेवताना डीनला, सगळ्यांना ते सांगत, "ओके, आय विल कम." पहिल्या वर्षी त्या सेक्रेटरीबाई बिचाऱ्या सहा-सहा वाजेपर्यंत ऑफिस उघडं ठेवून बसत. पुढे त्यांना समजलं. मी एकदा म्हटलं, "भावजी, इथे 'आय ॲम गोइंग' म्हटलं म्हणून कुणाचं काही वाईट होत नाही." "ठाऊक आहे मला," ते म्हणाले. "पण करून कशाला बघायचं?"

सहाव्या वर्षीच्या मार्चमध्ये समितीने त्यांना बोलावलं. पाच माणसं, प्रत्येकाच्या पुढ्यात भावजींची जाडजूड फाइल, वीस मिनिटं बोलायचं आणि मग मतदान. आदल्या आठवड्यापासून ते जेवलेच नव्हते म्हटलं तरी चालेल. निघण्यापूर्वी ते तळघरात माझ्याकडे आले. मी घरून डबीत दही आणलं होतं. ते त्यांच्या तळहातावर घातलं, तर अर्धं दही टायवर गेलं. मी ओल्या रुमालाने टाय पुसून दिला. "मी सांगून ठेवतो वहिनी," ते म्हणाले, "काही झालं तर आईला पत्र तुम्ही लिहायचं. मला नाही जमणार." मी हसण्यावारी नेणार होते. पण त्यांच्याकडे पाहिलं, आणि इतकी वर्षं जिची आम्ही घरी टिंगल केली ती भीती आता मलाच वाटू लागली. या माणसाला खरोखरच घालवून दिलं तर? साताऱ्याच्या स्टँडवर हा उतरेल तेव्हा कुणाकडे बघेल?

पंचवीस मिनिटांत ते परत आले. चेहरा पांढराफटक.

"काय झालं?"

"संपलं."

"अहो, पण काय म्हणाले?"

"थँक यू म्हणाले. थँक यू म्हटल्यावर काय राहिलं? मी आय विल कम म्हटलं आणि आलो."

पुस्तकांच्या गाडीमागे एक चढायचं स्टूल होतं, त्यावर ते बसले, दारातून दिसू नये अशा बेताने. मी एकच कार्ड तीनदा टाइप केलं आणि तिन्ही वेळा चुकवलं. मधूनच ते म्हणत, "आत्ता मतं मोजत असतील." मग, "आत्ता संपली असतील." वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची ओढली तरी आम्ही दोघं मान वर करून छताकडे बघत होतो. जवळजवळ तास गेला. जिन्यावर टाचांचा टकटक आवाज झाला आणि सेक्रेटरीबाई दारात उभ्या राहिल्या, धापा टाकत. सगळी इमारत शोधून आले, असं त्या म्हणाल्या. आणि मग, "ते सगळे तुमच्यासाठी थांबलेत!"

"माझ्यासाठी? का?"

"तुम्हीच सांगून गेलात ना, येतो म्हणून! मला माहीत आहे हो तुमचं. पण मी जेवायला गेले होते, त्यांना कोण सांगणार?"

पुढचं भावजींनी मला नंतर सांगितलं. समितीला वाटलं, हा काहीतरी कागद आणायला गेलाय. तो आल्याशिवाय मत कसं द्यायचं? दहा मिनिटं झाली, वीस झाली. कॉफी संपली. हवेबद्दल बोलून झालं. इतिहासाच्या त्या प्राध्यापकांना करण्यासारखं काहीच उरलं नाही, तेव्हा त्यांनी समोरची फाइल उघडली. सहा वर्षांत ते लिखाण पहिल्यांदा कुणी वाचत होतं. भावजी दारातून आत शिरले तेव्हा चौघांनी घड्याळाकडे पाहिलं. पाचव्याने मान वर केली आणि एवढंच विचारलं, "ती बाई परत आली का?"

त्या लिखाणात एक प्रसंग होता. एक बाई शेजारच्या म्हाताऱ्याला 'आलेच' असं सांगून जाते, आणि तो आपली बस चुकवून तिच्या कपड्यांपाशी बसून राहतो.

"नाही आली," भावजी म्हणाले. "त्या म्हाताऱ्यांनी घड्या घालून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी पण येऊन बघून गेले."

प्राध्यापकांनी फाइल मिटली, म्हणे. भावजींनी अर्थातच याचा अर्थ असा लावला की फाइल मिटली म्हणजे आपणही मिटलो. एप्रिलच्या अखेरीस पत्र येईपर्यंत ते दोन पौंड तांदूळही आणत नव्हते, एकच आणत होते.

पत्रात ते कायम झाले होते.

मला वाटलं, आता सुटले. पण सहा वर्षांची सवय. "आता कारण उरलं नाही वहिनी," ते घाबरून म्हणाले, "आता सोफा घ्यावा लागणार." सोफा घ्यायला त्यांनी आठ महिने लावले आणि घेतला नाहीच. डिसेंबरमध्ये एका रविवारी ते आमच्याकडे हातोडी मागायला आले. खिळा ठोकायचाय म्हणाले. माझा नवरा टाळ्या वाजवत उभाच राहिला. "अरे, प्रोफेसर खिळा ठोकतोय! चल, मी येतो, फोटो काढू." "नको रे, वाकडा गेला तर?" म्हणून ते एकटेच निघाले. दारात बूट घालताना नेहमीसारखं म्हणाले, "येतो, वहिनी."

जानेवारीत, गाडीवरचा बर्फ काढताना, ते खाली बसले ते बसलेच. डॉक्टर म्हणाले, त्यांना फार त्रास झाला नसेल. मी तेव्हापासून विचार करते, त्यांना घाबरायला तरी वेळ मिळाला असेल का.

त्यांची खोली आम्ही दोघांनी आवरली. भिंतीवर खांद्याच्या उंचीला एक खिळा होता, जरासा वाकडा, त्यावर काही नव्हतं. हातोडी खाली खोक्यावर ठेवलेली. तिच्याशेजारी आईंनी पाठवलेलं ते पाकीट होतं. फोडलेलं.

पत्र मीच लिहिलं, सांगितलं होतं तसं. आईंचं उलटटपाली उत्तर आलं. त्यात प्रश्न एकच होता. 'तो तिथे कायम होता ना गं?' मी लिहिलं, हो आई, पहिल्यापासून.

त्यांची खोकी आमच्या बेसमेंटमध्ये आहेत. कॉलेजला द्यायची म्हणून आणली होती, अजून दिली नाहीत. संध्याकाळी कामावरून आले की मी खाली जाऊन बसते आणि एकेक वही वाचते, हळूहळू, त्या बारीक भित्र्या अक्षरातली. नवरा वरून हाक मारतो, "अगं, किती वेळ?" मी म्हणते, आलेच. मला काही घाई नाही. येतो म्हणून गेलेत ते, आणि वाट बघताना हाताशी काहीतरी वाचायला हवं.