शैलाने मासे सोडले तेव्हा

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवरा असता तर त्यालाही सांगितलं नसतं. तुम्ही माझे कोणी लागत नाही म्हणून तुम्हाला सांगते — आणि तरी बघा, सुरुवातीलाच हात आखडतोय. जेटीवरच्या लिलावात पहिली बोली नेहमी कमीची लावायची, ही आयुष्यभराची खोड. थोडकं कबूल करून सुटता येतंय का, ते मन आत्ताही चाचपतंय.

नवरा गेला तेव्हा मी टोपली उचलली. पुरुषांच्या घोळक्यात उभी राहून, शिव्या खाऊन आणि देऊन, ओला माल घेतला. पुढे सुक्या मासळीत शिरले — बोंबील, जवळा, सोललेल्या कोलंबीचे सोडे. पालीच्या बाजाराला टेम्पो जायला लागला. आज रत्नागिरीत माझं स्वतःचं दुकान आहे. एकदा एका गिऱ्हाइकाने भाव पाडायला मालाला नावं ठेवली, तर त्याची पिशवी मी तिथेच माझ्या टोपलीत उलटी केली होती. तापट आहे मी. ते कमी करून सांगत नाही.

त्या दुकानावर घर चाललं — सासूबाई, धाकटा दीर, त्याची बायको शैला. दिराचं बोटीवरचं शिक्षणही त्यातूनच झालं. एवढ्या वर्षांत सासूबाईंनी शेजारणीजवळ एकदा तरी म्हणावं ना, की मोठीने घर धरलं? एकदा?

दीर ज्या जहाजावर होता ते परदेशातल्या एका बंदरात अडकलं. मालकाने हात वर केले, खलाशी तिथेच पडून राहिले. शैला गावच्या देवीसमोर नवस बोलून आली — तो घरी येईस्तोवर मासे, मटण, अंडं, सगळं बंद. शैला! ही बाई माशाचं डोकं चोखायला बसली की मांजराला काही उरायचं नाही.

सासूबाईंनी तिच्यासाठी नवी भांडी आणली. वेगळी शेगडी मांडली. मी त्यातलं एक पातेलं नुसतं बाजूला सारायला गेले, तर म्हणाल्या, "तिच्या भांड्यांना हात नको लावू गो. वास लागतो."

वास. ज्या वासावर या घरात वीस वर्षं चूल पेटली, तो वास.

तेव्हा पोटात जे पेटलं त्याला राग म्हणणं मला सोयीचं आहे. पण रागाने माझं कधी नुकसान झालं नव्हतं. हे दुसरंच होतं. मी राबून जे मिळवू शकले नाही, ते हिला नुसतं न खाऊन मिळालं? शेजारणी तिची विचारपूस करायला यायच्या, सासूबाई तिला आधी वाढायच्या. देवाची फुलंसुद्धा आता तिनेच काढायची.

आठ-दहा दिवसांनी ती माझ्याकडे रडत आली. घरात बांगडे तळले होते. म्हणाली, "वैनी, माझ्याच्याने नाय गो निभत. जेवणाला चवच नाय. आज हात गेलाच असता." माझ्याकडे आली, कळलं ना? सासूबाईंकडे नाही.

मी तिला म्हटलं, थांब, तुला एक मसाला करून देते. वालात घाल, आमटीत घाल.

आणि मी केला. सुकं खोबरं, मिरची, दुप्पट धणे, तिरफळं — आणि मंद भाजून, वस्त्रगाळ कुटलेले सोडे. तिच्या नवसाच्या जेवणात मी मासळी घातली. किती घातली की वास दबतो आणि चव राहते, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक? आणि आमच्या घराच्या भिंतींनाच सुक्या मासळीचा वास. ताटातला वेगळा कोणाला येणार?

एकदाच केलं असं म्हणावं असं फार वाटतंय. चार महिने केलं. डबा संपत आला की ती रिकामा डबा घासून, पुसून माझ्यासमोर ठेवायची. देवीपुढे दिवा लावून पानावर बसायची, आणि मी समोर बसून तिचा घास न् घास बघायची. मला सुख व्हायचं. एक दिवस सासूबाईंसमोर हे सगळं ओतायचं, असा बेत होता माझा.

तेवढ्यात दीर सुखरूप आला. नवस फळला — आता मी काय बोलणार? शैला मात्र म्हणाली, मी आता जन्मभर शाकाहारीच राहणार, देवीने माझी वासनाच काढून घेतली. माशांची आठवणसुद्धा येत नाही. तेव्हापासून मी मसाल्यात सोडे घालणं थांबवलं. पश्चात्तापाने नव्हे. जो माल विकलाच जाणार नाही, तो कशाला ठेवायचा? ती म्हणाली, चव थोडी बदलली. मी म्हटलं, मिरची वेगळी आली. सासूबाई गेल्या त्या तिच्या हातचं पाणी पिऊन. मी बाजूला उभी होते.

तिला खरं सांगावं असं खूपदा ओठांवर आलं. पण दर वेळी मनात तिची माफी मागणं नव्हतं. तिचं तोंड कसं उतरतं ते बघायचं होतं. म्हणून गप्प राहिले, हा चांगुलपणाही नव्हे — घरातून उठावं लागेल ही भीती होती.

गेल्या महिन्यात शेजारच्या सुगंधाने मुलीसाठी मासे सोडले. शैलाने तिला माझ्याकडूनच मसाला नेऊन दिला — साधा, सोड्यांशिवायचा. आठवड्यात सुगंधाने हात टेकले. आमच्या ओटीवर येऊन बसली आणि चार बायकांसमोर म्हणाली, "शैलाची गोष्टच वेगळी बाय. तिच्यावर देवीचा हात."

शैला लाजली. म्हणाली, "माझं कसलं काय? वैनीने निभावलं माझं. ह्या घरात सगळ्यांचं तिनेच निभावलंय."

जे ऐकायला मी इतकी वर्षं थांबले, ते असं भर दुपारी तिच्या तोंडून आलं. आणि मला काय वाटलं, सांगू? हेही हिनेच द्यायचं? यातही मोठी तीच ठरली?

बायका माझ्याकडे बघत होत्या. मी मान डोलावली, आणि ते घेतलं.